पूर्वेकडचे चर कोणी खोदले

नेर तालुक्यातल्या एका गावाच्या टेकडीबद्दल मी आजवर पुष्कळ बोललो आहे. शिबिरांत बोललो, कॉलेजांत बोललो, संस्थेच्या वार्षिक अंकात लिहिलंही. त्यातली एक गोष्ट मी दरवेळी चुकीची सांगितली. आता संस्थेनं जुन्या कार्यकर्त्यांकडून आठवणी मागवल्या आहेत, तर ती आधी दुरुस्त करतो.

कापसाच्या त्या वाईट वर्षांत आमच्या जिल्ह्यात बाहेरची माणसं गाड्या भरून येत. कोणत्या घरातल्या शेतकऱ्यानं आत्महत्या केली, असं विचारत, फोटो काढत आणि जात. आमच्या संस्थेचं काम निराळं होतं. गावोगावी स्वयंसेवकांचे गट बांधायचे आणि ई-क्लासच्या, म्हणजे सरकारी चराईच्या उजाड जमिनीवर चर खोदून पाणी अडवायचं. काही वर्षं चराई बंद ठेवायची, म्हणजे गवत आणि झाडं आपोआप परत येतात. गट गावाचे, पाठीशी संस्था. नेर आणि बाभुळगावकडचे गट माझ्याकडे होते.

गवताचा प्रश्न तेव्हा खरा होता. कापूस आणि सोयाबीन वाढलं तशी ज्वारी गेली आणि ज्वारीबरोबर कडबाही गेला. शेतवाल्याच्या बैलांना बांधावरचं तरी मिळे. ज्याला शेतच नाही त्यानं जनावर कशावर पोसायचं?

या गावात पहिल्या बैठकीला बरेच लोक आले. श्रमदान रविवारी करायचं, हे मीच सुचवलं. सगळ्या गावांना आम्ही रविवारच दिला होता, कारण त्या दिवशी शिक्षक मोकळे असत, पोरं मोकळी असत आणि आमचीही पाहुण्यांना घेऊन येण्याची सोय होई. सगळ्यांनी माना डोलावल्या. बौद्ध वस्तीतून आलेल्या बायांमधली एक तेवढी उठली. उंच, काटक बाई, डोक्यावरचा पदर कानामागे खोचलेला.

"रविवारी आमी वेचणीले असतो, भाऊ," ती म्हणाली. "मजुराची सुट्टी बाजाराच्या दिवशी. तुमाले हे कोनी सांगतलं नाही का?"

लोक हसले, मीही हसलो. पण ती बरोबर बोलत होती. आमच्याकडे मजुरी बाजाराच्या आदल्या दिवशी हाती पडते आणि बाजाराच्या दिवशी कुणी कामाला जात नाही. माझा जन्म यवतमाळचा, नोकरी यवतमाळची, आणि हे मला माहीत होतं. तरी कागदावर सगळीकडे रविवार लिहिताना ते आठवलं नाही. मी म्हटलं, तुम्ही बाजाराच्या दिवशी करा.

असे एका गावात दोन गट झाले. रविवारच्या गटात बहुतेक शेतवाले होते. त्यांनी टेकडीची पश्चिम बाजू घेतली, ती त्यांच्या शेतांना लागून होती. वस्तीतल्या बायांच्या वाट्याला पूर्वेकडचा उतार आला. तिथं मुरूम असा कडक की टिकास उसळून परत येई. बाजाराच्या दिवशी त्या उजाडताच येत, ऊन चढेपर्यंत खोदत, मग घरी जाऊन आंघोळ करून बाजाराला जात. गाव त्यांना बाजारगट म्हणू लागलं. बाया रविवारवाल्यांना फोटोवाले म्हणत, कारण पाहुणे आले की तेच दिसत.

त्या बाईकडे एक म्हैस होती. एकदा चराच्या काठावर बसून चहा पिताना मी तिला जंगल, पाखरं, विहिरींचं पाणी असं बरंच काही सांगत होतो. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "ते सारं येऊ द्या. मी म्हशीच्या गवतासाठी खोदून राह्यली." त्यात लाजण्यासारखं तिला काही वाटलं नाही, आणि नव्हतंही. गवत आलं की ज्यांनी काम केलं त्यांनी ते कापून न्यायचं, हे पहिल्याच बैठकीत ठरलं होतं.

दुसऱ्या पावसाळ्यानंतर पूर्वेच्या उतारावर पवन्या गवत कमरेएवढं उभं राहिलं. पश्चिमेपेक्षा तिथंच दाट. संस्थेच्या वरच्या कार्यालयातून पाहुणे आले, अर्थातच रविवारी. येण्याआधी मला निरोप होता, की एका गावात एकच गट दाखवा, दोन दिसले तर गावात फूट आहे असं देणगीदारांना वाटतं. मी पाहुण्यांना पूर्वेचा उतार दाखवला आणि गावाच्या गटानं केला म्हणून सांगितलं. शेजारी रविवारवाले उभे होते. पाहुण्यांनी त्यांचे हात हातात घेतले. कुणी काही बोललं नाही, मीही नाही.

दसऱ्याच्या आधी गवताच्या वाटणीची सभा देवळासमोर झाली. सरपंच म्हणाले, पाहुण्यांसमोर सांगून झालंच आहे, काम रविवारच्या गटाचं, तेव्हा टेकडीचं गवत त्यांनी कापावं. ती बाई मागे उभी होती, तिथून पुढे आली. सरपंचांकडे न पाहता माझ्याकडे वळली.

"भाऊ, तुमी सांगा. पूर्वेकडले चर कोनं खोदले?"

उत्तर दोन शब्दांचं होतं. पण रविवारवाल्यांची शेतं टेकडीला लागून होती आणि चराईबंदी त्यांच्या राखणीवर टिकली होती. ते रुसले तर ढोरं आत येतील, गाव संस्थेच्या यादीतून जाईल, असं माझ्या मनात आलं. बाईचं काहीतरी मागाहून करू, असंही आलं. मी म्हणालो, "काम सगळ्या गावाचं आहे."

ऐकायला हे वाक्य चांगलं आहे. पुढे मी ते भाषणांत कितीदा वापरलं असेल.

ती म्हणाली, "मंग गवतई सगळ्या गावाचं करा." सरपंच म्हणाले, रविवारी जे आले तेच गाव. त्यावर हशा झाला. ती बायांना घेऊन निघून गेली. त्या दिवाळीनंतर तिनं म्हैस विकली. बाजारगट पुन्हा टेकडीवर आला नाही. मागाहून काही करण्याचं माझ्याकडूनही राहून गेलं. माझी बदली पांढरकवड्याकडे झाली, हे त्याचं कारण म्हणून मी स्वतःला सांगत आलो.

हे लिहायला बसण्याआधी मी यंदा त्या गावाला जाऊन आलो. टेकडीवर आता झाडं आहेत. बाई थकली आहे, सुनेजवळ राहते. सुनेनं शेळ्या पाळल्या आहेत. मी बाईला सांगितलं, की त्या सभेत मी खोटं बोललो, आता खरं छापून येईल. तिनं चष्म्यातून माझ्याकडे नीट पाहिलं.

"छापून कोन वाचते? सभा अजून होते दसऱ्याच्या आधी. तिथं बोला."

मी सभेला गेलो. सभा आता ग्रामपंचायतीच्या हॉलमध्ये होते, खुर्च्या असतात. मी उभा राहून सांगितलं, पूर्वेकडचे चर बाजारगटानं खोदले, सभेत मला विचारलं तेव्हा मी ते सांगितलं नाही. बरीच पोरं बाजारगट कोणता हेच विचारू लागली. रविवारच्या गटातले एक म्हातारे गृहस्थ पुढच्या रांगेत होते. ते म्हणाले, "माहीत होतं आमाले. तुमी बोलले नाही, मंग आमी कायले बोलतो?"

बरीच बोलाचाली झाली. शेवटी ठरलं, की यंदा पूर्वेच्या उताराचं गवत वस्तीनं कापावं. पुढचं पुढं पाहू. सुनेबरोबर आलेल्या बाईनं दारातूनच विचारलं, फक्त यंदा? लोक खुर्च्या सरकवत उठू लागले. तेव्हा ती सुनेला म्हणाली, "चाल, विळ्यायले धार लावून ठेव. पुढच्या साली पुन्हा इचारू."

निघताना मी तिला म्हणालो, पुढच्या सभेलाही येईन. ती म्हणाली, या. माझं वय पाहता त्याची खात्री देता येत नाही. म्हणून संस्थेला विनंती, की हे छापाल तेव्हा त्याची एक प्रत त्या ग्रामपंचायतीत द्यावी. दसऱ्याच्या आधी सभा भरेल, तेव्हा मी नसलो तर कुणीतरी ती उभं राहून मोठ्यानं वाचावी.