सपाट होणारी खुर्ची

माझा धाकटा भाऊ गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी विमानातल्या खुर्च्यांची चित्रं बघत बसले होते. हे एवढं वाक्य कागदावर उतरवायला मला सात महिने लागले.

तो कॅलिफोर्नियात गेला, झोपेत. मी जळगावात. असोदा हे आमचं मूळ गाव शहराला लागूनच, त्यामुळे बातमी कळल्यावर तासाभरात भावकीच्या मोटारसायकली माझ्या दारात लागल्या. मयत तिकडे आणि दारावर येणारी माणसं इकडे, असा तो विचित्र प्रकार होता. बायका येत, गळ्यात पडून रडत, मग पदराने डोळे कोरडे करून विचारत, "मग तू कधी निघतेस?" आणि मी पुन्हा फोन उघडून चित्रं बघत बसे.

पुतण्याने तीन तिकिटं पाठवली होती. तिन्ही बिझनेस क्लासची, तिन्ही पूर्वेकडून, पॅसिफिक ओलांडून जाणारी. खाली लिहिलं होतं, "आत्या, यातलं एक लवकर सांग. सीट्स जातायत." अंत्यसंस्कार शनिवारी सकाळी ठरले होते. तिकडे मयत असं आठवडाभर ठेवता येतं. म्हणजे मला वेळेवर पोचता येणार होतं. मला त्याचं तोंड बघायचं होतं, दुसरं काही नको होतं.

भावकीतले थोरले नाना माझ्या शेजारी खुर्चीवर बसून माझ्या फोनमध्ये डोकावत होते.

"इमानात निजाले जागा राहते का वं?"

"या क्लासात राहते, नाना. खुर्ची पूर्ण सपाट होते. वरून पातळ गादी अंथरून देतात."

"गादी?" नाना मागे सरकले. "सुतक हाये ना तुले. लगीन झालेल्या बहिनीचं वेगळं. तू तं माहेरचीच. तुले पुरे दहा दिवस. गादीवर नही निजता येत."

"अहो नाना, मग पंधरा तास काय ती खाली सतरंजी टाकीन?" चुलतभावाची बायको म्हणाली.

"टाकाले काय झालं? एस्टी स्टँडवर नही टाकत का आपन?"

कोणीतरी हसलं. मग आपण कुठे बसलो आहोत हे आठवून तोंडाला पदर लावला. आतल्या खोलीतून एक हलका आवाज माझ्यापर्यंत आला, "भाऊ गेला अन् बाई पलंग पसंत करू राहिली." आवाज कोणाचा ते मी ओळखलं. मान वर केली नाही. ती खोटं बोलत नव्हती.

पलंग पसंत करण्याचं हे काम आमच्याकडे सहा वर्षं चाललं होतं.

मी धुळ्याच्या एका कॉलेजात ग्रंथपाल होते. जाडजूड बांधीव खंड चढवता-उतरवता माझ्या पाठीचा मणका सरकला, तो पुन्हा नीट जागेवर आला नाही. तासभर बसलं की डावा पाय बधिर होतो. लग्न केलं नाही. निवृत्तीच्या बऱ्याच आधी जळगावला दोन खोल्या घेतल्या. आईचं आजारपण त्याच खोल्यांत झालं आणि ती गेलीही तिथेच. तेव्हा भाऊ पाचव्या दिवशी आला. विमानात मागच्या रांगेत, मधल्या खुर्चीवर बसून आला होता, पाय सुजून बुटात मावत नव्हते. मी तो दारात दिसताच सगळ्यांसमोर म्हणाले, "पाहुणे आले, पाणी द्या." त्याने ते पाणी उभ्याउभ्याच प्यायलं. तीन दिवस राहिला आणि परत गेला.

त्यानंतर वर्षभराने त्याने खुर्च्यांचा विषय काढला. रविवारी सकाळी नऊला त्याचा फोन यायचा, तेव्हा तिकडे शनिवारची रात्र असे.

"अक्का, तू इकडे यायचं. पण बसून नाही यायचं. झोपून यायचं."

त्याने माझ्याकडून दहा वर्षांचा व्हिसा करून घेतला. मग विमान कंपन्या बघायला सुरुवात केली. युरोपाकडून गेलं तर झोपेचे दोन तुकडे होतात, पूर्वेकडून गेलं तर एकच लांब रात्र मिळते, हा त्याचा सिद्धांत. "एकदा समुद्र लागला की तुला कोणी उठवणार नाही," असं तो म्हणे. दर आठवड्याला एखाद्या कंपनीच्या खुर्च्यांचा नकाशा पाठवायचा. मी तो कॉलेजसमोरच्या झेरॉक्सवाल्याकडून, निवृत्तीनंतर जळगावातून, छापून आणायचे आणि एका दोनशे पानी वहीत चिकटवायचे. बाजूला माझ्या अक्षरात नोंदी. पलंगाची लांबी. खांद्यापाशी रुंदी. शौचालय किती रांगा मागे. उठताना शेजाऱ्याला ओलांडावं लागतं का. शाकाहारी जेवण मागितलं तर आधी आणतात की शेवटी. ग्रंथपालाची खोड, दुसरं काय.

"ही बघ. हिच्यात पाय बोगद्यात घालायचे."

"बोगद्यात?"

"पुढच्या खुर्चीखाली पोकळी असते, कपाटासारखी. त्यात. तुझे मावायचे नाहीत. तू आडमाप."

"तुझी बायको कशी गेली मग यातून?"

"ती तुझ्या निम्मी आहे अक्का. तिला कपाटातच ठेवलं तरी चालतं."

मागून भावजयीचा आवाज येई, "मला ऐकू येतंय." आणि आम्ही तिघंही हसायचो.

असं सहा वर्षं. पहिल्या वर्षी त्याच्या घराची फरशी बदलायची होती. दुसऱ्या वर्षी माझी शेवटची परीक्षा, म्हणजे ग्रंथालयाची तपासणी होती. मग त्याची नोकरी बदलली. मग त्याला कुठेसं वाचायला मिळालं की त्याच्या आवडत्या कंपनीत नव्या खुर्च्या बसणार आहेत, दार लावता येणाऱ्या. "एक वर्ष थांब, अक्का. आता जुन्या खुर्चीवर येणं म्हणजे मूर्खपणा." मी थांबले. गेल्या हिवाळ्यात नव्या खुर्च्या आल्या. त्याने फोनवर जवळजवळ ओरडूनच सांगितलं, "शेवटी हीच. आता बघणं बंद." त्याही वेळी तारीख ठरली नाही.

मला खरंच जायचं होतं का, आणि त्याला मी यायला हवी होते का, हे आम्ही एकमेकांना विचारलं नाही. त्या पाण्याच्या पेल्याबद्दलही कधी बोललो नाही. पाय ठेवायच्या जागेबद्दल मात्र आम्ही तासन् तास बोललो.

आता फोनवर ती तीन तिकिटं होती. पहिलं मंगळवारी रात्री निघणारं आणि सगळ्यांत लवकर पोचणारं, पण जुन्या खुर्च्यांचं, पाय बोगद्यात घालायचं. दुसरं बुधवारचं. तिसरं गुरुवारी पहाटे मुंबईहून सिंगापूर, तिथे दिवसभर मुक्काम, आणि संध्याकाळी पुढचं विमान. ही त्याची कंपनी. शेवटी हीच. याच कंपनीच्या शुक्रवार पहाटेच्या विमानाने निघाले तरीही शनिवारच्या आत पोचेन, असं पुतण्याने हिशेब करून लिहिलं होतं, कारण तो समुद्र ओलांडताना एक दिवस परत मिळतो. शेवटी तिच्या गुरुवारच्या जागा संपल्या आणि शुक्रवार पहाटेचंच उरलं.

नानांना मी विचारलं नाही. पुतण्याने मात्र विचारलं, "आत्या, मंगळवारचं घेऊ का? लवकर पोचशील."

मी लिहिलं, "नको. तुझ्या बाबाने जे निवडलं होतं तेच घे."

मला वाटलं होतं, मी त्याचा शब्द पाळते आहे. सहा वर्षांत एकदाही पाळला नव्हता. तो गेल्यावर पाळायला निघाले.

गुरुवारी सकाळी मी रेल्वेने मुंबईला निघाले. पाचोऱ्याला गाडी थांबली तेव्हा चुलतभाऊ फलाटावर येऊन खिडकीतून भाकरीची चवड आणि लसणाची चटणी देऊन गेला. "विमानात देतील ते खाऊ नको," म्हणाला. पहाटे विमानात बसले. एक मुलगी गुडघ्यावर बसून नम्रपणे विचारायला आली, अंथरूण घालू का. मी नको म्हटलं. ती अर्ध्या तासाने पुन्हा आली, मी पुन्हा नको म्हटलं. पाठ धरली, डावा पाय बधिर झाला, तरी ताठ बसून राहिले. नानांचा शब्द मोडायचा नव्हता असं नाही. त्याच्यासाठी काहीतरी सोसतो आहोत, एवढंच वाटायला हवं होतं.

सिंगापूरला उतरून फोन सुरू केला तेव्हा पुतण्याचे सात मेसेज होते. अंत्यसंस्कारगृहाने शनिवारची वेळ रद्द केली होती. पुढची मोकळी वेळ एकदम पुढच्या बुधवारची, नाहीतर आजचीच, गुरुवार संध्याकाळची. तिकडे अजून गुरुवार होता. भावजयीचे भाऊ-बहिणी दूरच्या राज्यांतून आले होते, त्यांना शुक्रवारी परतायचं होतं. सगळ्यांनी मिळून आजची वेळ घेतली. "तू विमानात होतीस, फोन लागला नाही. सॉरी आत्या. लिंक पाठवतो."

बिझनेस क्लासच्या प्रवाशांना तिथे एका वेगळ्या दालनात बसवतात. गालिचा, मंद दिवे, भिंतीशी लांबच लांब टेबल आणि त्यावर वाफाळणारी भांडी. मी एका कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसून ती लिंक उघडली. कॅमेरा कुठेतरी वर, मागच्या बाजूला लावलेला होता. लोकांच्या पाठी दिसत होत्या. पुढे लाकडी पेटी, तिचं झाकण उघडं, पण वरून फक्त फुलं दिसत. मी फोन वाकडा केला, जवळ धरला, लांब धरला. तोंड दिसलं नाही. भावजय वाकली तेव्हा तिची पाठ दिसली. पुतण्याने काहीतरी वाचलं, इंग्रजीत. माझ्या शेजारच्या टेबलावर एक गृहस्थ वाटी तोंडाला लावून नूडल्स ओढत होता, त्याचा आवाज आणि पुतण्याचा आवाज एकात एक मिसळत होते. मग पेटी एका दारातून आत गेली आणि पडद्यावर बराच वेळ फक्त रिकामी फळी राहिली. नंतर तीही गेली.

मंगळवारच्या विमानाने गेले असते तर मी त्या खोलीत पहिल्या रांगेत असते. पाय बोगद्यात घालून, सुजवून गेले असते, पण असते.

कोणाची चूक नव्हती. मला चूक कोणाची तरी असायला हवी होती. दिवसभर तिथे बसून मी ती शोधत राहिले. भावजयीची म्हणावी तर ती एकटी काय ठरवणार. पुतण्याची म्हणावी तर त्याने विचारलं होतं. पुन्हापुन्हा वळून मी स्वतःपाशीच येत होते, आणि तिथून उठून पाणी प्यायला जात होते.

संध्याकाळी पुढच्या विमानात बसले. खुर्ची खरंच चांगली होती. दार होतं. पाय सरळ ताणले तरी पुढे कुठे टेकत नव्हते. मुलीने विचारलं, अंथरूण घालू का, आणि मी हो म्हटलं. का म्हटलं ते मला सांगता येणार नाही. पोचायची घाई संपली होती. मी आडवी झाले. समुद्र लागल्यावर मला कोणी उठवलं नाही. मी नऊ तास झोपले. इतकी गाढ झोप मला आई गेल्यापासून लागली नव्हती. जाग आली तेव्हा पाठ दुखत नव्हती, आणि त्या न दुखण्याची मला जी शिसारी आली ती आजही अंगावर येते.

पुतण्या विमानतळावर आला होता. त्याने मला मिठी मारली आणि घाईघाईने विचारलं, "झोप लागली का आत्या?"

"लागली."

"बाबा म्हणायचे, त्या खुर्चीवर तुला नक्की लागेल," तो म्हणाला आणि गाडी चालवताना रडू लागला. मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

घरी अस्थींचा कलश दिवाणखान्यातल्या कपाटावर होता. मी दहाव्या दिवसापर्यंत जमिनीवर झोपले. भावजय रोज सकाळी येऊन पांघरुणाची घडी करून जाई. तिला एक विचारायचं मी ठरवलं होतं. आणखी काही दिवस ठेवलं असतं त्याला, माझ्यासाठी, तर काय झालं असतं? बुधवारपर्यंत ठेवलं असतं तर? हे वाक्य मी रोज रात्री मनात जुळवायचे. सकाळी ती घडी करायला आली की गिळायचे.

अकराव्या दिवशी जेवणानंतर पुतण्या लॅपटॉप घेऊन टेबलाशी बसला. भावजय समोर भाजी निवडत होती. तो म्हणाला, "आत्या, परतीचं बघू या का?" इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्याच्या आवाजात जीव होता. त्याने पडदा माझ्याकडे वळवला. "ही बघ, हिच्यात पण पाय मोकळे राहतात. फक्त जरा मागे आहे."

भावजयीने मान वर करून माझ्याकडे पाहिलं. विचारायचं तर आत्ताच, हे मला कळत होतं. कदाचित तिलाही कळत असावं, कारण भाजीवरचा तिचा हात थांबला होता.

मी चष्मा लावला.

"शौचालय किती रांगा मागे आहे?" मी विचारलं.

पुतण्या बोट ठेवून मोजायला लागला, आणि भावजय पुन्हा भाजी निवडू लागली.