थोरल्या मिस्त्रीचा अंगठा

तलावाच्या फाटकापाशी, पंपघराच्या भिंतीला पाठ टेकून उभी असावी तशी एक खोली होती. पहारेकऱ्यांच्या रायफली तिथं ठेवत आणि तिथंच दुरुस्त करत. त्या खोलीत शब्द चाले तो थोरल्या मिस्त्रीचा. रायफली कुठल्याशा जुन्या लढाईतल्या, सैन्यानं वापरून सोडलेल्या. दर गोळीला बोल्ट मागे ओढायचा, पुढे ढकलायचा, अशा जातीच्या. दस्त्यांचं लाकूड किती माणसांच्या घामानं काळं पडलं होतं कोण जाणे, पण नळीत डोकावून पाहिलं तर आतून आरसा. ही सगळी मिस्त्रीच्या हातची करणी, आणि हे तो स्वतःच सांगे, दुसऱ्यावर सोपवत नसे.

त्याचा उजवा अंगठा बैलाच्या खुरासारखा होता. रुंद, पिवळट, नखाच्या कडेनं भेगाळलेला. जळती काडी त्याला लावली तरी मिस्त्री बोलता बोलता थांबत नसे. त्या अंगठ्यानं तो सगळं पारखी. स्प्रिंग दाबून बघायची ती अंगठ्यानं, धार बघायची ती अंगठ्यानं, तेल पातळ की जाड तेही अंगठ्यानं. मापं होती, पितळेची, डबीत घालून ठेवलेली. ती डबी तो उघडत नसे. अंगठ्याला पटलं ते बरोबर, नाही पटलं ते चूक. पहारेकरी पाठीमागं त्याला अंगठेबहाद्दर म्हणत. चांगलं वळणदार अक्षर होतं त्याचं, पण ते नाव कानावर आलं की तो रागावण्याऐवजी मिशीत हसे.

त्याचा धाकटा भाऊ त्याच फाटकावर पहारेकरी होता. बाप गेल्यावर थोरल्यानं त्याला हाताखाली घेतलं होतं, पण फार दिवस ठेवलं नाही. धाकट्याच्या हातून स्क्रूच्या खाचा बुजत, कानस तिरपी चाले. एकदा सगळ्यांदेखत थोरला म्हणाला, "तुझ्या हातात लोखंड रडतं रे," आणि त्याला फाटकावर उभं करून आला. पुढं कुणी पाहुणा आला की तो धाकट्याकडे बोट करून सांगे, हा माझा सख्खा भाऊ, देवानं दोघांचे हात एकालाच देऊन टाकले. पाहुणे हसत. धाकटाही हसे. भावाच्या विनोदाला हसायचं, हे त्याच्या अंगवळणी पडलं होतं.

फाटकामागं धाकट्याला राहायला एक खोली होती. त्याची बायको त्या खोलीत नवी नवरी म्हणून आली, दोन्ही मुली तिथंच झाल्या. खोली नोकरीची होती आणि नोकरी रायफलीची. ज्याला आपली रायफल चालवता येते तो पहारेकरी, असा साधा हिशोब.

अलीकडे धाकट्याची बोटं सांध्यांत सुजू लागली होती. सकाळी शर्टाची बटणं बायको लावून देई. अशात त्याच्या रायफलीचं मॅगझिन हट्टाला पेटलं. चापाच्या पुढे एक छोटा खटका असतो, तो दाबला की गोळ्यांचं मॅगझिन सुटून हातात येतं. तो खटका दबेना. धाकटा दोन्ही अंगठे एकावर एक ठेवून दाबी, ओठ चावी, तेव्हा कुठं ते सुटे. आणि वर्षाची तपासणी तोंडावर आली होती. साहेब रांगेत उभं करत, मॅगझिन काढायला लावत, घालायला लावत. ज्याला एकहाती जमलं नाही त्याची रायफल काढून घेत. त्याच्या पुढचं काय, ते सांगायची गरज नव्हती.

धाकटा रायफल घेऊन भावाकडे गेला. थोरल्यानं ती आडवी धरली, अंगठा खटक्यावर ठेवला आणि दाबला. मॅगझिन मुकाट्यानं त्याच्या तळहातात उतरलं. त्यानं ते परत बसवलं, परत काढलं. शेजारी उभ्या पहारेकऱ्यांना दाखवून आणखी एकदा काढलं.

"लोण्यातून सुरी जावी तसा चालतोय," तो म्हणाला. "खटका ठणठणीत आहे. मऊ झालायस तू."

धाकट्यानं अजिजी केली. दादा, एकदा खोलून बघ, आत काही अडकलं असेल. थोरला म्हणाला, ही रायफल मी स्वतः खोलून, पुसून जोडलेली आहे, माझ्या हातचं काम मीच पुन्हा खोलू म्हणतोस? मग स्प्रिंग तरी जरा सैल कर, धाकटा म्हणाला. त्यावर थोरल्यानं रायफल त्याच्या हातात कोंबली आणि सांगितलं की तपासणीला बायकोला सोबत घेऊन उभा राहा, बटणं लावते तशी खटकाही दाबेल. बटणांची गोष्ट त्याला घरातून, आपल्या बायकोकडून कळली होती. पहारेकरी पोट धरून हसले. या वेळी धाकट्याला हसणं जमलं नाही.

रायफल दुसऱ्या कुणाला दाखवायची सोय नव्हती. हत्यारांच्या खोलीची किल्ली एकाच्याच कमरेला. धाकट्याजवळ होतं ते अर्धं शिकून सोडलेलं ज्ञान. अर्ध्या शिकलेल्याला एवढं ठाऊक असतं, की खटक्याला एक दात आहे, तो मॅगझिनच्या खाचेत अडकतो. दात घट्ट म्हणून खटका घट्ट, असं त्यानं ठरवून टाकलं. पूर्ण शिकलेला दाताला हात लावणार नाही आणि अजिबात न शिकलेल्याला दात दिसणारच नाही. दुपारी, फाटकावर माणूसकाणूस नव्हतं तेव्हा, पंपघराच्या माणसाकडून मागून आणलेली कानस त्यानं त्या दातावर फिरवली. थोडी, मग आणखी थोडी. मॅगझिन अलगद सुटलं. त्यानं ते बायकोला दाखवलं, धाकट्या मुलीलाही एकदा काढायला लावलं. त्या दुपारी त्या खोलीत फार दिवसांनी सगळे एकदम बोलत होते.

तपासणीच्या सकाळी रांग लागली. थोरला मिस्त्री साहेबांच्या मागून चालत होता, धुतलेल्या कपड्यांत. हुकूम झाला. धाकट्यानं एका अंगठ्यानं मॅगझिन काढलं, वर धरून दाखवलं, परत बसवलं. त्यानं मान किंचित वळवून भावाकडे पाहिलं. बघ, असं त्या नजरेत होतं. लहान मूल झाडावर चढून खाली बघतं तसं.

मग पुढचा हुकूम झाला आणि सगळ्यांनी दस्ते जमिनीवर आपटले. धाकट्याच्या रायफलीतून मॅगझिन निसटलं, फरशीवर वाजलं आणि घसरत साहेबांच्या बुटापाशी जाऊन थांबलं.

रांगेतून हसू फुटलं. साहेब मात्र हसले नाहीत. ते म्हातारपणाकडे झुकलेले, सौम्य गृहस्थ होते. त्यांनी मॅगझिन उचललं, रायफल मिस्त्रीकडे दिली आणि म्हणाले, "जुनं लोखंड आहे. झिजलं असेल तर तसं सांगा. रायफल भंगारात टाकू, माणूस राहू दे."

सुटकेचं दार त्यांनी उघडून धरलं होतं. थोरल्यानं फक्त मान हलवायची होती.

त्यानं अंगठा खटक्याच्या दातावर ठेवला. कानशीची रेघ लागली, तिरपी. ती कुणाच्या हातची हे त्याला डोळे मिटूनही कळलं असतं. सगळे पहारेकरी बघत होते. झीज म्हणावं, तर मिस्त्रीच्या नजरेखालून झिजलेली रायफल गेली असा अर्थ होई.

"झीज नाही साहेब," तो म्हणाला. "कानशीनं घासलंय. आणि हा हात माझा नाही."

साहेबांनी धाकट्याला विचारलं. तो खाली बघून हो म्हणाला. सरकारी हत्यार घासणं म्हणजे रायफल न चालवता येण्याहून वाईट, हे साहेबांनी हळू आवाजात समजावलं, जणू त्यांनाच त्याची लाज वाटत होती. महिनाअखेर खोली रिकामी करायला सांगितलं.

घरी थोरल्याच्या बायकोनं ताट समोर ठेवलं आणि म्हणाली, "एक शब्द गिळला असता, तर काय घशात अडकला असता?" त्यानं जेवून घेतलं. नाव गेलेला मिस्त्री म्हणजे दात पडलेला कुत्रा, असं काहीसं तो ताटाकडे बघून म्हणाला. ती उठून आत गेली.

रायफल नव्या पहारेकऱ्याला द्यायची होती, म्हणून तिला नवा खटका बसवणं आलं. तेव्हा थोरल्यानं ती खोलली. खटक्याची खीळ काढली, स्प्रिंग उचलली. खाली, खाचेच्या तळाशी, लढाईच्या काळातलं ग्रीस सुकून बसलं होतं. लाखेसारखं तांबूस, कडक, त्यात वाळूचे कण रुतलेले. स्प्रिंगला दबायला जागाच राहिली नव्हती. मागं पुसताना त्यानं हा भाग खोललाच नव्हता. अंगठ्यानं दाबून पाहिलं होतं, अंगठ्याला पटलं होतं. त्यानं रॉकेलमध्ये फडकं बुडवून तो थर भिजू दिला, काडीनं खरवडून काढला. नवा खटका बसवून पाहिला. मग मुद्दाम करंगळीनं दाबून पाहिला. करंगळीनंही मॅगझिन सुटलं. खरवडलेला चुरा त्यानं कागदात गुंडाळून पंपघराच्या नाल्यात टाकला आणि हात धुतले.

धाकटा निघाला त्या दिवशी भेटायला आला. बाहेर हातगाडीवर गाद्या, डबे, आरसा बांधलेला. बायको गाडीपाशीच थांबली, आत आली नाही. धाकटा दारात उभा राहिला, उंबरा ओलांडू की नको अशा विचारात. थोरल्यानं बस म्हटलं नाही. इकडची तिकडची दोन वाक्यं झाली. मुलींची शाळा, नव्या ठिकाणचं पाणी.

मग त्यानं विचारलं, "दादा, तू खोललीस ना ती? आत काय होतं रे?"

थोरला एका बोल्टला तेल लावत होता. त्याचा हात थांबला नाही.

"काही नव्हतं," तो म्हणाला.

धाकट्यानं आपल्या सुजलेल्या अंगठ्याकडे पाहिलं. त्यानं मान डोलावली, आणि त्यात भावाबद्दल कसलाच संशय नव्हता, उलट मनातली एक शंका फिटल्यासारखा तो थोडा मोकळा झाला.

"मग खोट माझ्यातच होती," तो म्हणाला. "मी उगीच तुला बोल लावत होतो मनात. माफ कर दादा."

वाकून त्यानं थोरल्याच्या पायांना हात लावला. थोरल्यानं पाय मागं घेतले नाहीत. हातगाडीचं चाक करकरत फाटकाबाहेर गेलं. नव्या पहारेकऱ्यानं फाटक लावून घेतलं, आणि रायफल खांद्याला अडकवत मिस्त्रीला हाक मारून म्हणाला की खटका काय फक्कड झालाय, तुमच्या हाताला तोड नाही.

"ते खरं आहे," थोरला म्हणाला, आणि पुढचा बोल्ट हातात घेतला.