गोव्याच्या धक्क्यावरची दहा पावलं

खाऱ्या बांगड्याचा वास आला की ती घटना मला जशीच्या तशी आठवते. वास विरतो, राग विरत नाही. राग कोणावर ते शेवटी सांगतो. नाव मात्र कोणाचंच सांगणार नाही. ज्यांना कळायचं त्यांना कळेल.

मी खात्यात शिपाई म्हणून लागलो. खात्याची परीक्षा देऊन फौजदार झालो, पुढे सहायक निरीक्षक. वशिला नव्हता. जे मिळालं ते घासाघीस करून मिळवलं, मग ती भाजी असो, सरकारी खोली असो की आरोपीच्या तोंडून काढलेली हकिकत. घासाघिशीचा एक नियम मी लहानपणी मालवणच्या बाजारात शिकलो. भाव जमला नाही की पाठ फिरवायची आणि दहा पावलं चालायचं. तेवढ्यात विकणारा हाक मारतो. हाक आली की आपण जिंकलो. मध्येच मागे वळून बघितलं की हरलो. हा नियम लक्षात ठेवा. पुढची सगळी केस त्यावर उभी आहे.

तेव्हा मी अंधेरी पश्चिमेच्या एका ठाण्यात होतो. वर्सोव्याचा कोळीवाडा आमच्या हद्दीत. उन्हाळ्याचे दिवस होते. दुपारी दोन भाऊ आले आणि थोरल्याने सांगितलं की त्यांची आई बोटीवर गेली होती ती परत आलेली नाही.

बोट म्हणजे त्यांची मासेमारीची नव्हे, क्रूझ. बोरिवलीचा एक आयोजक ज्येष्ठ नागरिकांचे गट घेऊन जायचा. मुंबईहून गोवा, तिथून लक्षद्वीप आणि परत मुंबई. बोट कंपनीची, पण बंदराला लागल्यावर खाली उतरून काय बघायचं, कोणत्या बसने फिरायचं, जेवायचं कुठे, किती वाजता परत चढायचं, ही सगळी व्यवस्था याची. बोटवाल्यांच्या स्वतःच्या सहली महाग पडतात, म्हणून लोक याच्याकडे येत. त्या खेपेला अंधेरी, बोरिवली, मुलुंड आणि घाटकोपर मिळून चाळीस माणसं होती. त्यात ही मावशी. सत्तरीची कोळीण, सगळी हयात सुकी मासळी विकण्यात गेलेली. मुलांनी हौसेने पाठवली होती. त्या सकाळी मुंबईच्या धक्क्यावर एकोणचाळीस माणसं उतरली. मावशीची पिशवी आणि तिचा मोबाईल आयोजकाच्या हातात होता.

"साहेब, तीन दिवस फोन लावतोय," थोरला म्हणाला. "दर वेळी हाच उचलतो आणि सांगतो, मावशी झोपलीय. आमची आय दुपारची झोपत नाय. जल्मात कधी झोपली नाय."

मी बंदराच्या ठाण्याला फोन केला. ते म्हणाले, बाई गोव्यात हरवली असणार, गोव्याला विचारा. गोव्याचे म्हणाले, बोट मुंबईची, बाई मुंबईची, तुम्ही बघा. हद्दीच्या घासाघिशीत मी सहसा हरत नाही. त्या दिवशी दोन्हीकडून हरलो. मिसिंग आमच्याकडे दाखल केली, स्टेशन डायरीला नोंद घेतली, गोव्याला फोटो पाठवला आणि आयोजकाला उचलून आणायला माणसं धाडली.

तो यायच्या आधी खबर आली. माझा एक खबरी मढच्या फेरीबोटीवर तिकिटं फाडायचा. सहलीतल्या एका गृहस्थाकडून त्याला कळलं होतं की निघण्यापूर्वी बोरिवलीच्या ऑफिसात आयोजक सगळ्यांदेखत ओरडला होता, "या बाईला मी समुद्रात सोडून येईन."

हे वाक्य मी वरिष्ठांना जाऊन सांगितलं आणि प्रकरण एकदम जड झालं. वरिष्ठ म्हणाले, उद्या दुपारी बारापर्यंत बाई सापडली नाही तर अपहरणाचा गुन्हा दाखल करा आणि याला अटक दाखवा. त्यांचं चुकलं असं म्हणणार नाही. संध्याकाळपर्यंत वर्सोव्याच्या पंधरा-वीस कोळणी ठाण्याच्या आवारात येऊन बसल्या होत्या. टोपल्या बरोबरच होत्या. त्यांच्यासमोरून माझे शिपाई मान खाली घालून जात होते.

आयोजक पन्नाशीचा, गोल चेहऱ्याचा, घाबरलेला माणूस. बगलेत फाईल. फाईलमध्ये प्रत्येक बंदराचं वेळापत्रक, मिनिटांसकट. पहिल्यांदा म्हणाला, मावशी बोटीवरच होती. मग म्हणाला, गोव्यात नातेवाइकांकडे राहिली. नातेवाइकांचं नाव विचारलं तर फाईल चाळायला लागला. माझा स्वभाव तापट आहे हे मी नाकारत नाही. मी टेबलावर अशी मूठ आपटली की चहा उडून त्याच्या लक्षद्वीपवर सांडला. तो भिजलेल्या कागदाकडे बघून रडायलाच लागला. मग खरं बोलला.

निघण्यापूर्वी त्याने सहलींच्या आखणीसाठी सभा घेतल्या होत्या. पहिल्याच सभेत मावशीने समुद्रकिनारा खोडला. किनारा तिला घराच्या दारातून दिसत होता, तो बघायला गोव्याला कशाला जायचं? त्याच्या बदल्यात तिला मासळीबाजार हवा होता. आयोजक नाही म्हणाला. मावशी उठली आणि चालू पडली. त्याने जिन्यातून हाक मारून परत बोलावली आणि अर्धा तास बाजार दिला. दुसऱ्या सभेत तिने मसाल्याची बाग खोडली आणि त्या वेळेतही बाजारच मागितला. पुन्हा उठली, पुन्हा याने हाक मारली. हे बघून बाकीचेही शिकले. घाटकोपरच्या एका जोडप्याने जैन जेवणासाठी उठून दाखवलं. मुलुंडचे चार जण तर बसमधल्या खिडकीसाठी दारापर्यंत जाऊन आले. वेळापत्रकाची वाट लागली. त्याच दिवशी तो ते समुद्राचं वाक्य बोलला होता, आणि त्याने मनाशी ठरवलं होतं की या बाईला तिसऱ्यांदा हाक मारायची नाही.

"मग गोव्यात काय झालं?" मी विचारलं.

गोव्यात मावशी बाजारातून निघेचना. शेवटी खाऱ्या बांगड्यांची टोपली डोक्यावर घेऊन आली. धंद्यातली बाई, बाजारात जाऊन रिकाम्या हाताने परतणं तिला ठाऊकच नव्हतं. बोटीच्या शिडीशी पहाऱ्यावरच्या माणसाने अडवलं. बाहेरचं खाणं चालत नाही, त्यात हे असलं वास मारणारं. टोपली इथेच ठेवा आणि वर या.

"मावशी म्हणाली, मग मी पण नाय येत. आणि पाठ फिरवली," आयोजक म्हणाला. "मी शिडीवर उभा होतो, साहेब. पावलं मोजत होतो. दहा झाली. ती वळली नाही."

"आणि तू?"

"मी हाक मारली नाही. मला वाटलं, बोट आहे, रिक्षा थोडीच आहे. येईल."

ती आली नाही. बोटीवरच्या अधिकाऱ्याने विचारलं तेव्हा याने, ती गोव्यात नातेवाइकांकडे राहतेय, असं लिहून दिलं. बोट सुटली. घरी खोटं का सांगितलंस, असं मी विचारलं. तो म्हणाला, काय सांगणार होतो? तुमच्या आईला मी मुद्दाम हाक मारली नाही, हे सांगणार होतो?

ठाण्यात हे कोणालाच पटलं नाही. आमचा नवा उपनिरीक्षक, थेट भरतीचा, इंग्रजी बोलणारा, तर हसलाच. एवढ्यासाठी कोणी बोट सोडतं का सर, म्हणाला. मला मात्र त्यातला शब्द न् शब्द पटला. पण माझ्या पटण्याने बाई सापडणार नव्हती, आणि घड्याळ पुढे सरकत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठला मी ठाण्यात शिरत होतो. कोळणी जागच्या जागी होत्या. तेवढ्यात वास आला. आवाराच्या कडेला बसलेल्या एकीने टोपलीवरचं फडकं बाजूला केलं होतं आणि ती आमच्या ठाण्याच्या लेखनिकालाच मासळी विकत होती. टोपलीत खारा बांगडा होता, पोट चिरून आत मीठ भरलेला. तोंडाला पाणी सुटलं. ड्युटीवर असूनही मी भाव विचारला. तिने सांगितला. मी निम्म्याला मागितला. ती नाही म्हणाली. मी पाठ फिरवली.

सातव्या पावलावर हाक आली. "ओ साहेब, या. तुमच्यासाठी करते."

मी वळलो ते वेगळ्याच विचाराने. वर्सोव्याला वलांडीवर, म्हणजे बांबूच्या मांडवावर, बोंबील वाळतात, जवळा वाळतो, वाकट्या वाळतात. हे चिरून मीठ भरणं आमच्या मालवणकडचं आणि त्याच्या खालच्या गोव्याचं.

"हा बांगडा वर्सोव्याचा नाही," मी म्हटलं.

"मरोळच्या बाजारातून आणला."

"मरोळला कोणी आणला?"

ती टोपलीत बघायला लागली. मग हळूच म्हणाली, "तिनं शपत घातलीय, साहेब."

म्हणजे ही बाई काल संध्याकाळपासून मावशीसाठी धरणं धरून बसली होती आणि विकत होती मावशीचेच बांगडे. मग इथे कशाला बसलीस, असं मी ओरडून विचारलं. ती म्हणाली, सगळ्या बसल्या, मी एकटी नसते बसले तर संशय नसता का आला?

आयोजकाला जीपमध्ये घातलं, नव्या उपनिरीक्षकालाही घेतलं आणि अंधेरी पूर्वेचं मरोळ गाठलं. पावसाळ्याच्या तोंडावर तिथे सुक्या मासळीचा मोठा बाजार भरतो. तिसऱ्या रांगेत मावशी बसली होती. पान खात होती, गिऱ्हाईक करत होती. चार दिवस आपण हरवलेलो आहोत याचं चिन्हसुद्धा तिच्या तोंडावर नव्हतं. एस.टी.वाल्याने टोपली घेतली नाही म्हणून ती गोव्याहून मासळीच्या ट्रकने आली होती आणि मरोळला मैत्रिणीकडे उतरली होती.

मी विचारलं, घरी का नाही गेलीस? पोरं वेडी झालीत तिकडे.

"घरी गेले असते तर हारले असते," मावशी म्हणाली. "हाक कुठं आली होती? त्या दिवसापासून मी चालतेच आहे." मग तिने आयोजकाकडे बघितलं. "दहा पावलं म्हणता म्हणता अंधेरी आली रे."

आयोजकाने हात जोडले. अकरा वाजायला आले होते. ती ठाण्यात येऊन, मी आपल्या मर्जीने उतरले, असा जबाब देईल तरच तो सुटणार होता. नाहीतर मुलांची तक्रार होती, समुद्राचं वाक्य होतं आणि त्याने लिहून दिलेला खोटा कागद होता. हे मी मावशीला समजावून सांगितलं. तिला ते माझ्याआधीच समजलेलं दिसलं, कारण तिने लगेच मागणी मांडली. राहिलेलं लक्षद्वीप दाखवायचं. पुढच्या खेपेला प्रत्येक बंदरात बाजाराला दोन तास द्यायचे. आणि आधी हाक मारायची.

दोन तासांवर आयोजक अडला. त्या परिस्थितीतही अडला, याचं मला कौतुक वाटलं. मी मध्ये पडून दीड तासावर तोडलं. मग तो म्हणाला, "मावशी, चला."

"नीट बोलाव. बोटीवरून बोलावल्यासारखं."

तो दहा पावलं मागे गेला आणि भर बाजारात ओरडला, "मावशी, परत या ओ."

मावशीने पानाची पिंक टाकली, पदर खोचला आणि टोपली शेजारणीच्या हवाली केली. बाराला दहा मिनिटं असताना तिचा जबाब नोंदवून झाला. आयोजक ठाण्याच्या पायरीवर बसून पाणी प्यायला. मुलांनी आईला मिठी मारली आणि लगेच तिच्याशी भांडायला लागले.

आता रागाचं. दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो आला. मावशी आणि शेजारी आमचा थेट भरतीचा उपनिरीक्षक. तरुण अधिकाऱ्याच्या सतर्कतेमुळे वृद्धा सुखरूप, असा मथळा. मरोळला हा माणूस पूर्णवेळ नाकाला रुमाल लावून उभा होता. महिन्याभराने प्रशस्तिपत्रही त्यालाच मिळालं. मी तडक वरिष्ठांच्या दालनात गेलो. बदलीचा अर्ज लिहूनच नेला होता. टेबलावर ठेवला, माझी इथे गरज नसेल तर मला सोडा, असं म्हटलं आणि पाठ फिरवली. त्यांच्या टेबलापासून दारापर्यंत बरोबर दहा पावलं आहेत. दाराशी पोचलो तेव्हा मागून आवाज आला.

"दार लावून घ्या."

पंधरा दिवसांत मुलुंडला बदली झाली. निवृत्त तिथूनच झालो. बायकोला सगळं सांगितलं तेव्हा ती कांदा चिरता चिरता म्हणाली, "आता बघा वाट. कोण बोलवूक येवचो नाय."

पोलिसाने केसमधून काय शिकावं असं लोक विचारतात. मी एवढंच शिकलो, की पाठ फिरवण्याआधी समोरच्याला आपली गरज किती आहे ते बघून घ्यावं. भाजीवालीला असते. बोटीला नसते. खात्यालाही नसते. मावशी जिंकली ती हट्टामुळे नव्हे. तिचा जबाब एका माणसाला हवाच होता म्हणून जिंकली. माझ्या अर्जाची गरज कोणाला होती?

गेल्या वर्षी बायकोने क्रूझचा हट्ट धरला. जायचं कोणाकडे, हा प्रश्नच नव्हता. बोरिवलीच्या त्याच ऑफिसात गेलो. आयोजकाने ओळखलं, चहा मागवला आणि कप फाईलपासून लांब ठेवला. गोव्याची सहल आखताना मी मसाल्याची बाग खोडली आणि त्या वेळेत मंगेशीला जाऊन देवळात निवांत बसायला मागितलं. तो नाही म्हणाला. बस चाळीस जणांची आहे, साहेब. मी उठलो. पाठ फिरवली. मागे शांतता. भिंतीवर मावशीचा लक्षद्वीपला काढलेला फोटो होता. पुढे रिकामी टोपली, बाजूला हा, हाताची घडी घालून.

नवव्या पावलावर मी थांबलो. वळलो आणि परत येऊन खुर्चीत बसलो.

बायकोने माझा गार झालेला चहा माझ्यापुढे सरकवला आणि आयोजकाला म्हणाली, "लिवा. बागच लिवा."