मनगटावरचा जिल्हा

मी पुण्याला निघाले तेव्हा आमचं राज्य नुकतंच वेगळं झालेलं, कोरं करकरीत होतं आणि बॅग जुनी होती. बॅग ताईची, तिच्या लग्नातली. तलमडुगुजवळच्या आमच्या गावातून बाबांनी मला मोटरसायकलवर आदिलाबादच्या स्टँडला आणलं. बस सुटताना ते खिडकीशी आले आणि म्हणाले, "पोरी, कोनी इचारलं कुठली, तं आदिलाबाद जिल्हा म्हन. गावाचं नाव तिकडं कोनाले समजनार नाही."

पुण्यात मी तेच सांगत राहिले. ऐकणारा लगेच म्हणे, "म्हणजे तू तेलुगू!" शाळेत तेलुगूच्या बाई मला मराठी पोरगी म्हणायच्या आणि इथे ऑफिसात मी हैदराबादची झाले. आता हैदराबादपेक्षा आम्हाला नागपूर जवळ, हे कुणाकुणाला सांगणार? तिकडून ज्यांनी गाठोडं उचललं त्यांना हे काही नवीन नाही. मी रडत बसले असंही नाही. खोली हवेशीर होती, मैत्रिणी चांगल्या मिळाल्या, काम आवडायचं. फक्त स्वतःला सारखं समजावून सांगायचा कंटाळा यायचा.

एकदा वाटलं, आपण कुठल्या ते हातावरच काढून घ्यावं, म्हणजे तोंडाला त्रास नको. आमच्याकडे मुलीला सासरी पाठवण्याआधी तिच्या हातावर गोंदायची रीत होती. मायच्या हातावर आहे, आता हिरवट आणि पुसट झालेलं. आम्हा बहिणींच्या वेळी ती रीत मागे पडली. मी सासरी नाही, नोकरीला निघालेली, पण घर सोडलं होतंच ना. मग माझा पहिला टॅटू जिल्ह्याचा नकाशा, असं मी ठरवून टाकलं.

टॅटू काढणारी सायली माझ्याच वयाची. कितीतरी रविवार आम्ही चहा पीत रंग जुळवले. वर पैनगंगा आणि खाली गोदावरी, दोन्ही निळ्या रेघा. उटनूरकडच्या जंगलाला हिरवा, आमच्या कपाशीच्या रानाला काळा. निर्मलला तिथल्या लाकडी खेळण्यांसारखा लालभडक ठिपका, कारण ताई तिथे दिली आहे. दसऱ्यानंतरचा शनिवार ठरला.

जिल्ह्याच्या वाटण्या होणार अशी चर्चा होती, पण चर्चा आमच्याकडे बाराही महिने चालते, तिच्यावर कोण विसंबतं? नेमक्या दसऱ्याच्या दिवशी एका जिल्ह्याचे चार झाले. संध्याकाळी ताईचा फोन आला.

"निर्मल आता अलग जिल्हा झाला ना बाई. मंग तुज्या हातावर मी हाये का नाही?"

बोलली ती हसतच. लग्न होऊन दूर गेलेली बहीण असं हसत विचारते, तेव्हा तिला खरंच उत्तर हवं असतं. मला फार वाईट वाटलं. नवा नकाशा काढला तर ताई बाहेर, गोदावरीही बाहेर. जुना काढला तर तो आता कुठल्या कचेरीत सापडणार नाही.

घरी फोन लावला. बाबा म्हणाले, "कागदावरचं सरकार बदलू शकते. कातड्यावरचं तू कशी बदलशीन? उद्या अजून वाटण्या झाल्या तं?"

तेवढ्यात मायने फोन ओढून घेतला. "हातावर नकाशा कायले पायजे? तू काय पटवारी हायेस? आमी तं फूल गोंदलं."

"कोणतं फूल काढू, माय?"

"कोनतं म्हंजे? आपल्या वावरात काय गुलाबाचा बगीचा हाये? कपाशीचं काढ."

मी जागेवरच हसायला लागले. इतके रविवार नद्या आणि जंगलं रंगवण्यात घातले, आणि हे सुचलं नव्हतं.

सायलीने रंग विचारला आणि कपाशीत वाढलेली मी अडखळले. कपाशीचं फूल सकाळी उमलतं तेव्हा फिकट पिवळं असतं आणि दुसऱ्या दिवशी गुलाबी होतं. मग ते गळतं आणि बोंड मोठं व्हायला लागतं. कुठलं काढायचं? पुन्हा फोन केला तर घरात जुंपली.

"पिवळं काढ," बाबा म्हणाले. "ताजं सोडून शिळं काऊन काढतं?"

"शिळं कसं?" माय भडकली. "गुलाबी झालं म्हंजे बोंड धरलं. तुमाले वावरात फकस्त सकाळचंच दिसते!"

दोघंही मागे हटेनात. ताटं वाढलेली होती, तीही थंड झाली म्हणे. मी पुण्यात बसून ते भांडण मजेत ऐकत होते. शेवटी सायलीला सांगितलं, एकाच फांदीवर दोन्ही काढ. पिवळा लवकर फिका पडेल, असं तिने बजावलं. मी म्हटलं, पडू दे.

दिवाळीत घरी गेले तेव्हा वेचणी चालू होती. माय आणि बाबांनी हात पाहिला आणि दोघांनाही आपणच जिंकलो असं वाटलं. ताई निर्मलहून दुसऱ्या दिवशी आली. तिने माझं मनगट उजेडाकडे धरलं, बराच वेळ पाहिलं आणि पिवळ्या फुलावर बोट ठेवून म्हणाली, "हे आजचं, तू." मग गुलाबीवर बोट नेलं. "अन् हे कालचं, मी. बोंड धरलेलं." तिची दोन्ही पोरं अंगणात ओरडत होती.

मी असं काही मनात धरून काढलं नव्हतं, पण तिला तसं सांगितलं नाही. मला इतकं बरं वाटलं की डोळे भरून आले.

पुण्यातच राहायचं हे आता पक्कं आहे. नवी ओळख झाली की माणसं हात बघून विचारतात, हे कसलं फूल? मी गुलाबीवर बोट ठेवते आणि म्हणते, ही माझी ताई. तिथून मायबाबांचं भांडण येतं, वावर येतं, दोन्ही नद्या येतात. जिल्ह्याचं नाव बहुतेक वेळा सांगायचं राहूनच जातं, आणि मी कुठली ते समोरच्याला तरीही समजतं.