बांगड्यावरचा आळ

आनंदीचं घर कट्टा गावाच्या पुढे, वाडीत. थोडं भात, काजूची चार कलमं, एक गाय. पण गेली सहा वर्षं ती रोज सकाळच्या एसटीने मालवणात जायची आणि सुनीती वहिनींच्या निवास-न्याहारीत रांधायची. तिच्या हातचं तिरफळ घातलेलं बांगड्याचं कालवण खायला पाहुणे दुसऱ्या वर्षी पुन्हा येत. चव घ्यायला तिला चमचा लागत नसे. डाव्या तळहातावर रश्शाचा थेंब घ्यायचा, जिभेने टिपायचा, क्षणभर डोळे मिटायचे. मग मीठ.

दिवाळीनंतर एका दुपारी असाच थेंब टिपला आणि तिचे ओठ चुरचुरले. एका शेगडीवर कालवण होतं, दुसरीवर पाहुण्यांचं सूप. जरा वेळाने मानेवर खाजऱ्या गांधी उठल्या. वहिनींनी आमसुलाचं पाणी चोळलं आणि विचारलं, "आनंदी, आज बांगडा ताजा होता ना?"

तिथून सगळं सुरू झालं. बांगडा बंद केला, तरी पुन्हा अंगावर उठलं. मग कोळंबी सोडली, मग कुर्ल्या सोडल्या. नवरा, गुरुदास, देवळात कौल लावून आला. गुरवाने भिजवलेल्या दोन कळ्या देवाच्या अंगावर लावल्या, डावी कोळंबीची, उजवी बांगड्याची. उजवी पडली.

"देवान सांगल्यान, बांगडोच," गुरुदास म्हणाला.

"मगे बांगडो सोडून तीन आठवडे झाले, तरी कित्याक उठता?"

"वास लागत असतलो," तो म्हणाला.

वासही नको म्हणून वहिनींनी तिला मासळीपासून दूर केलं. बांगड्याच्या शेगडीवर दुसरी बाई आली आणि आनंदीकडे भाकऱ्या, भाज्या आणि सूप आलं. आणि त्रास वाढला. पूर्वी पंधरवड्यातून एकदा उठायचं, ते आता दिवसाआड उठू लागलं. सोमवारी तर तिच्या घरात मासळी शिजतही नसे, तरी सोमवारी उठायचं. पित्त म्हणून शेजारणीने दिलेलं चूर्ण ती रात्री जेवल्यावर न चुकता घ्यायची. माघात एकदा घसाच आवळला. रिक्षात घालून दवाखान्यात नेली, सुई टोचली, तेव्हा कुठे श्वास मोकळा झाला.

"मासे आयुष्यभर बंद समजा," तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं.

घरी येऊन आनंदी पडवीत बसली. वहिनींनी काही म्हटलं नव्हतं. पण जी बाई मासळीची चव घेऊ शकत नाही ती मालवणात कशाला, हे कुणी बोलून दाखवायची गरज नव्हती. मे महिन्याच्या पाहुण्यांसाठी वहिनींना कायमची बाई ठरवायची होती.

"आये, ॲलर्जीचो डॉक्टर आसा म्हणतत," सून किशोरी म्हणाली. "कुडाळात येता, महिन्यातून एकदा. जावया आपण."

"तो काय वेगळा सांगतलो? देवान सांगल्यान, डॉक्टरांन सांगल्यान. आता उरलो कोण, तलाठी?"

तरीही त्या गेल्या. आठवडाभर आधी दवाखान्यातून आणलेल्या खाजेवरच्या गोळ्या बंद ठेवायच्या होत्या आणि तोंडात जातं ते सगळं बरोबर आणायचं होतं. आनंदीने पिशवी भरली. बांगडा, कोळंबी, तिरफळं, मसाल्याची डबी. किशोरीने वहिनींच्या स्वयंपाकघरातून प्रत्येक भाजीचा तुकडा मागून आणला, आणि घरच्या फळीवरची चूर्णाची बाटलीही टाकली.

"गे बाय, भाजये कशाक? भाजयेन काय होता?"

"सगळा म्हणजे सगळा, आये."

डॉक्टर तरुण होते, हळू बोलणारे. त्यांनी तिच्या हातावर पेनाने रेघा मारल्या आणि प्रत्येक वस्तूत सुई टोचून ती हातावर हलकेच टोचली. आनंदी बांगड्याच्या रेघेकडे बघत राहिली. पंधरा मिनिटं गेली. बांगडा गप्प. कोळंबी गप्प. मनगटाजवळच्या रेघेवर मात्र पावलीच्या नाण्याएवढी लाल गांध उठली.

"हे काय आहे?" डॉक्टरांनी त्या रेघेवर टोचलेला हिरवा दांडा उचलला.

"ता? ती सुपातली सेलरी," आनंदी म्हणाली. "बांद्याहून भाजीची गाडी येते, तिच्यातून येते. मी तिला कोथिंबिरीचा मोठा भाऊ म्हणते."

"सूप रोज चाखता?"

"रांधते तर चाखायला नको?" मग तिला आठवलं. "पण डॉक्टरसाहेब, घरी कुठे सूप असतं? घरीपण उठतं."

डॉक्टरांनी बाटली फिरवून वरचा कागद वाचला. "यात अजमोद आहे. अजमोद म्हणून बाजारात बऱ्याचदा या सेलरीचंच बी मिळतं. हे कशासाठी घेता?"

"पित्त उठतं म्हणून."

किशोरी हसू दाबायला खिडकीकडे वळली. आनंदीला मात्र हसावं की रडावं कळेना. डॉक्टरांनी समजावलं: सेलरी आणि चूर्ण बंद, बाहेरचं सूप आणि तयार मसाला विचारल्याशिवाय नाही, पुन्हा घसा आवळला तर थेट इस्पितळ. मासे खा. ती "होय, होय" म्हणत राहिली, आणि एसटीत बसल्यावर म्हणाली, "माका कायच कळाक नाय गो. देव खोटा कसो बोलात?"

"देवाक इचारला काय होता? बांगडो की कोळंबी. तिसरी कळी कोणी लावल्यान?"

आनंदीने मांडीवरची पिशवी सावरली. पाच महिने तिने ज्याच्यावर आळ घेतला, तो त्यांच्याच पिशवीत बर्फात होता.

घरी किशोरीने त्याच बांगड्याचं कालवण केलं. आनंदीने डावा तळहात पुढे केला. थेंब पडला. तिने तो लगेच टिपला नाही, खूप वेळ बघत राहिली. मग टिपला, आणि डोळे मिटायच्या ऐवजी उघडे ठेवून आपल्या मनगटाकडे बघत बसली.

"काय बघतंस, आये?"

"वाट बघतंय."

गुरुदासही येऊन बसला. तिघं एका हाताकडे बघत होती. काही उठलं नाही.

"मीठ कमी आसा," आनंदी म्हणाली.