कूलरच्या मागची कुंडी

माझ्या हातून आजवर एकही झाड मेलं नव्हतं, कारण आजवर कोणी माझ्या हाती झाड दिलंच नव्हतं.

मार्चमध्ये माझी बायको कमल गेली आणि बैठकीतलं रबराचं झाड माझ्याकडे आलं. ते तिनेच निवडलेलं. नर्सरीत मी फुलझाडांपाशी रेंगाळत होतो, तेव्हा ती म्हणाली होती, "फुलं चार दिवसांची. याची पानं नुसती पुसली, तरी घर भरल्यासारखं वाटेल." आता घर भरल्यासारखं वाटावं असं तेवढंच उरलं होतं. म्हणून मी ठरवलं, काहीही होवो, हे झाड मरू द्यायचं नाही.

मी कॉलेजात ग्रंथपाल. ग्रंथपाल संकटात जे करतो तेच केलं. पुस्तक आणलं! चांगलं जाडजूड, विलायती. त्यात स्पष्ट लिहिलं होतं : उन्हाळ्यात कुंडी खुशाल बाहेर, भरपूर उन्हात ठेवावी. (लेखकाच्या गावी ऊन पडलं की लोक आनंदाने बाहेर येऊन बसतात, हे पुढच्या पानावर होतं. मी तिथवर पोहोचलो नव्हतो.) एप्रिल संपत आला होता. सकाळी कुंडी अंगणात ठेवून मी कॉलेजात गेलो. संध्याकाळी परतलो तेव्हा पानांचे पापड झाले होते आणि फाटकाशी माझी थोरली बहीण, आक्का, नरखेडहून एसटीने येऊन उभी होती.

"काहून गा मधू, झाड भाजून राहिला काय?"

"पुस्तकात तसं लिहिलंय, आक्का."

"त्या पुस्तकवाल्याले म्हण, दुपारी इथं येऊन बस!"

झाड आत आलं. पण आत भेटायला येणारे होते. दुःखाच्या घरातून निघताना 'येतो' म्हणायचं नसतं. त्यामुळे उठायचं कसं, हा प्रत्येकापुढे प्रश्न असे. तो झाडाने सोडवला. "अरेरे, सुकलंय हो!" असं म्हणत उठायचं, पेल्यातलं उरलेलं पाणी कुंडीत ओतायचं आणि तसंच दाराबाहेर पडायचं! इतकी सभ्य सुटका कोण सोडणार? आठवडाभरात त्या कुंडीत धान लावता आलं असतं.

मग शेजारच्या काळेकाकूंनी पानांना खोबरेल तेल चोळलं. "चमक येते, भाऊजी!" चमक आली. तिच्यावर गावातली सगळी धूळ येऊन बसली. पानं बेसनात घोळून तळायला ठेवल्यासारखी दिसू लागली आणि एकेक करून गळू लागली. गळलेलं पान मी उचलून त्याच पुस्तकात ठेवत असे. टाकवत नव्हतं.

शेवटी मी कुंडी कूलरच्या अगदी समोर मांडली. सगळी हवा झाडाला!

"मी घामानं न्हाऊन राहिली, अन् झाड हवा खाऊन राहिलं!" पदराने वारा घेत आक्का म्हणाली.

हे काळेकाकूंनी पाहिलं आणि त्यांचे डोळे भरून आले. भाऊजींना त्या झाडात वहिनी दिसतात, ही बातमी दुपारपर्यंत गल्लीच्या टोकाला पोहोचली होती. दुसऱ्या दिवशी एका बाईंनी कुंडीला कुंकू लावलं, हात जोडले आणि म्हणाल्या, "कमलताई, यांना जरा समजवा हो." (मग पेल्यातलं पाणी ओतलं. ते आलंच.)

मी थकलो होतो. त्यातच कूलर गरम हवा फेकू लागला.

"टाकीतलं पाणी संपलं असन," म्हणत आक्का बादली घेऊन घरामागे गेली. (टाकी नेहमी कमल भरायची. कूलरला पाणी आपोआप येतं, असा माझा समज होता.) मागून हाक आली, "मधू, इकडे ये गा!"

खिडकीबाहेर लोखंडी स्टँडवर कूलर होता. त्याखाली भिंतीची सावली, वरून टपटपणारं पाणी, ओल्या वाळ्याचा गारवा. आणि सिमेंटवर एक गोल, शेवाळी डाग. मी आतून कुंडी आणून त्यावर ठेवली. तंतोतंत बसली.

दर उन्हाळ्यात हे झाड बैठकीतून इथे येत होतं आणि पावसाळ्यात परत आत जात होतं. मला पत्ता नव्हता. मी कूलरच्या आतल्या बाजूला पुस्तक वाचत बसलेला!

आक्का डोळे पुसता पुसता हसायला लागली. "आता समजलं मले! कमल म्हणे, 'आक्का, उन्हाळ्यात दोन कुंड्या सांभाळा लागतात. एक कूलरच्या बाहेर, एक आत. बाहेरची बरी. तिले घडीघडी चहा लागत नाही.'"

जूनमध्ये बाहेरच्या कुंडीला लालसर कोंब आला. आतली कुंडी हल्ली आपला चहा आपण करते. चहा फारसा चांगला होत नाही. पण कुंडीने केलेल्या चहाला नावं तरी काय ठेवायची!