अंगठ्याची स्प्रिंग

अम्माला, म्हणजे माझ्या आईला, लकवा मारला तेव्हा मी इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होते. तिचा जीव वाचला, पाय सावरला, पण उजव्या हाताची मूठ मिटली ती उघडेचना. फिजिओथेरपीच्या बाई रोज येऊन बोटं सरळ करून जायच्या. त्या जिना उतरेपर्यंत बोटं पुन्हा आत वळलेली असायची. वडील शेजारी बसून नुसते बघत राहायचे. आम्ही त्यांना नाना म्हणतो.

नाना यंत्रमागांचे जॉबर होते, म्हणजे बंद पडलेला माग चालू करून देणारे. सोलापूरच्या पूर्व भागातल्या कितीतरी कारखान्यांत त्यांना बोलावणं यायचं. रस्त्यावरून जाता जाता आतल्या मागाचा आवाज ऐकून ते कुठला भाग ढिला झालाय ते सांगायचे. शिक्षण चौथीपर्यंत. घरात तेलुगू, बाहेर मराठी, आणि दोन्हींत कमीच बोलायचे.

एका दुपारी त्यांनी चामड्याचा पट्टा, पत्र्याची एक पट्टी आणि मोडीत निघालेल्या मागाच्या स्प्रिंगा घेतल्या आणि अम्माच्या मनगटावर काहीतरी बांधलं. मूठ मिटायचं काम तिचं, उघडायचं काम स्प्रिंगचं. तिला टोचलं की ते सोडवायचे, कानस मारायचे, पुन्हा बांधायचे. असं कितीतरी दिवस चाललं. पुढे काही महिन्यांनी अम्माने स्वतःच्या हाताने पोलक्याची बटणं लावली आणि आतल्या खोलीतून बाहेर येऊन आम्हाला नुसती दाखवली. नाना उठून पाणी प्यायला गेले आणि बराच वेळ आले नाहीत.

त्यातूनच आमची कंपनी उभी राहिली. मी त्या पट्ट्याला सेन्सर जोडले, बोट किती हललं ते मोबाईलवर दिसायची सोय केली. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत एक शेड घेतली. उपकरणाला आम्ही हातच म्हणायचो; नाना हात बनवायचे आणि मी हातांचे परवान्याचे, विक्रीचे कागद बनवायचे. सोलापूर, सांगोला, टेंभुर्णी, जिथे जिथे लकव्याचे पेशंट होते तिथले डॉक्टर आमचं उपकरण मागवू लागले.

मग ती मेल आली. वैद्यकीय उपकरणं बनवणाऱ्या छोट्या कंपन्यांचं एक शिष्टमंडळ जर्मनीला जाणार होतं. तिथल्या प्रदर्शनात स्टॉल, तिथल्या हॉस्पिटलांच्या भेटी, खरेदीदारांशी बैठका. आमची निवड झाली होती. प्रत्येक कंपनीकडून दोघांना जाता येणार होतं.

नानांचा पासपोर्ट मी आधीच काढून ठेवला होता. निवडीचं सांगितलं त्याच संध्याकाळी ते एकटे नवी पेठेत जाऊन काळे बूट घेऊन आले. आयुष्यभर चपला घातलेला माणूस. घरातल्या घरात ते बूट घालून चालायची सवय करू लागले.

पुढचे दोन महिने मी जमिनीवर नव्हते. रोज ऑनलाइन प्रशिक्षण असायचं. तीन मिनिटांत कंपनीची ओळख कशी करून द्यायची, हात कसा मिळवायचा, व्हिजिटिंग कार्ड कसं द्यायचं. आणि त्याच दिवसांत नाना मला त्रास द्यायला लागले, असं मला तेव्हा वाटायचं.

"बिड्डा, कुटल्या देशात जायचं म्हणलीस?" बिड्डा म्हणजे तेलुगूत लेकरू.

"जर्मनी, नाना."

तासाभराने पुन्हा, "कुटल्या देशात?"

"सकाळपासून चार वेळा सांगितलं ना!"

"व्हय की, सांगितलंस," म्हणायचे आणि हसायचे. ते हसणं मी नीट बघितलं नाही. एकदा त्यांनी भोकं पाडून झालेल्या पट्टीला दुसऱ्या बाजूने पुन्हा भोकं पाडली. प्रदर्शनासाठीचा नमुना वाया गेला. मी कामगारांसमोर ओरडले. एकदा पाना हातात धरून मला विचारलं, "ह्यो कुटल्या बाजूला फिरवायचा?" मला वाटलं मोतीबिंदू झाला असेल. चष्म्याचा नंबर बदलून आणला आणि विषय संपवला.

शिष्टमंडळाच्या दिल्लीतल्या कार्यालयातून दुसऱ्या माणसाचं नाव मागायला फोन आला. मी शेडच्या दारात उभी होते. आत नाना बाकड्यापाशी बसले होते. माझ्या डोळ्यांसमोर स्टॉल आला, कोट घातलेली माणसं आली, आणि त्यांच्यामध्ये नाना दर पाच मिनिटांनी विचारताहेत, आपण कुठल्या देशात आहोत. मी म्हणाले, "मी एकटीच येतेय."

त्यांना सांगितलं, "नाना, एकाच माणसाला परवानगी मिळालीय."

"बरं," ते म्हणाले. "तू जा. तुला बोलता येतं. माझं तितं काय काम?" मग खाली वाकून त्यांनी बूट काढले आणि खोक्यात ठेवले. माझं खोटं त्यांच्या लक्षात आलं होतं की नाही, हे मला आजही माहीत नाही.

जर्मनीतलं प्रदर्शन आमच्या सोलापूरच्या गड्ड्याच्या जत्रेपेक्षा मोठं होतं, पण कुणाचा आवाज म्हणून येत नव्हता. पहिल्या दिवशी लोक यायचे, माहितीपत्रक घ्यायचे आणि पुढे जायचे. दुसऱ्या दिवशी एक म्हातारे गृहस्थ आले. हाताच्या पेशंटांवर उपचार करण्यात त्यांचा जन्म गेला होता. त्यांनी आमचं उपकरण स्वतःच्या हातावर चढवलं आणि मूठ मिटून उघडून बघत राहिले. मग अंगठ्यावर बोट ठेवून त्यांनी इंग्रजीत विचारलं, "चार बोटांच्या स्प्रिंगा सरळ आहेत. ही एकच तिरकी का? असं मी कुठेच बघितलेलं नाही."

मी पाठ केलेलं बोलले, "पेशंटला आराम वाटावा म्हणून."

ते हसले. "हे उत्तर नव्हे. पहिला नमुना कुणी केला?"

"माझ्या वडिलांनी."

"ते कुठे आहेत?"

"त्यांची तब्येत बरी नसते," मी म्हणाले. त्या क्षणी मला ते खोटंच वाटत होतं.

"मग त्यांना विचारा आणि मला लिहून पाठवा," ते म्हणाले. त्यांच्या संस्थेला उपकरण तपासून बघायचं होतं. पण इथे प्रत्येक भागाचं कारण लिहून द्यावं लागतं, कारणाशिवाय कुणी पेशंटच्या हाताला लावू देणार नाही, असं त्यांनी समजावून सांगितलं. मी आनंदाने मान डोलावली. कारण सांगणारा माणूस तर माझ्या घरातच होता.

तिसऱ्या दिवशी नाश्त्याच्या वेळी मी घरी फोन लावला. सोलापुरात दुपार झाली होती. अम्माने उचलला.

"नानांना दे ना, कामाचं विचारायचंय."

"ते बाहेर गेलेत."

"कुठे?"

"माग दुरुस्त करायला, त्यांच्या जुन्या कारखान्यात," ती म्हणाली.

"कुठला माग, अम्मा? तो कारखाना बंद होऊन किती वर्षं झाली?"

"शेजारचे गेलेत आणायला," ती म्हणाली. "येतील. तू तुझं काम कर."

मी घरी परत आल्यावर अम्माने सगळं सांगितलं. मी निवडीचा अर्ज भरत होते तेव्हापासून तिच्या ध्यानात आलं होतं. नाना गल्ली चुकायचे. जेवण झाल्यावर पुन्हा ताट मागायचे. मी शेडमधून यायच्या आत ती त्यांना तोंड धुवायला लावून, केस विंचरून बसवायची आणि मला काही कळू नये याची काळजी घ्यायची.

"मला का नाही सांगितलंस?"

"तू गेली नसतीस," ती म्हणाली. "त्यांनीच मला शपथ घातली होती. म्हणाले, पोरगी जाऊ दे, मग बघू."

मी उपकरण घेऊन नानांच्या समोर बसले. त्यांच्या हातात दिलं. त्यांनी ते उलटंसुलटं केलं, स्प्रिंग नखाने छेडून कानाशी नेली.

"नाना, ही अंगठ्याची तिरकी का केली?"

ते कौतुकाने बघत राहिले. "लई चांगलं केलंय," म्हणाले. "कुनी केलं?"

मी काय बोलले ते आठवत नाही. अम्मा उठून आत गेली एवढं आठवतं.

डॉक्टरांनी तपासण्या केल्या, गोळ्या दिल्या आणि गेलेलं परत येणार नाही हे हळू आवाजात सांगितलं. पुढच्या वर्षभरात नानांची मराठी गेली. बाहेर वावरताना कमावलेली भाषा आधी गळून पडली आणि लहानपणची तेलुगू राहिली. माझी तेलुगू स्वयंपाकघरापुरती. भूक लागली का, झोप आली का, दुखतं का, एवढीच. मागाचं आणि यंत्राचं आम्ही जे काही बोललो होतो ते सगळं मराठीत बोललो होतो. आता मला त्यांना विचारायलासुद्धा शब्द नव्हते.

तरी एका सकाळी त्यांची दाढी करताना मी मराठीतच सांगून टाकलं. "नाना, दोघांना जाता येत होतं. मी तुम्हाला नेलं नाही. मला तुमची लाज वाटली." ते गालाला साबण लावून शांत बसले होते. ब्लेड लागू नये म्हणून मान वर धरून, एखाद्या शहाण्या मुलासारखे. माझे डोळे वाहायला लागले तसं त्यांनी तेलुगूत विचारलं, "दुखतंय का?" मी हो म्हणाले. त्यांनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला. पण कोण रडतंय, हे त्यांना कळलं असेल असं मला वाटत नाही.

त्या जर्मन गृहस्थांना मी खरं काय ते लिहून पाठवलं. त्यांनी फार मायेने उत्तर दिलं, पण कारणाशिवाय पुढे जाता येणार नाही हेही लिहिलं. आम्ही शहरातल्या एका थेरपिस्टबाईंना घेऊन सरळ स्प्रिंगा लावून बघितल्या, कमी तिरक्या लावून बघितल्या, जास्त तिरक्या लावून बघितल्या. पेशंट प्रत्येक वेळी म्हणायचे, पहिलीच बरी होती. का बरी, ते त्यांनाही सांगता येत नव्हतं आणि आम्हालाही. शेवटी मी तो नाद सोडला. परदेशात आमचं उपकरण गेलं नाही.

शेड चालू आहे. या वर्षीही तशीच मेल आली होती, दुसऱ्या देशासाठी. मी नकार कळवला. दुपारी दोन वाजता मी शेडमधून घरी जाते, कारण त्या वेळी नाना अम्माच्या हातून जेवत नाहीत. मी भाताचा घास करून त्यांच्यापुढे धरते. एखाद्या दिवशी ते पटकन तोंड उघडतात. एखाद्या दिवशी तोंड फिरवून दाराकडे बघत बसतात. मग मी घास हातात धरून थांबते.